गाठ एका जागी, मूळ दुसरीकडे
वाचकांचे प्रश्न : डोकं आणि मानेतल्या जन्मजात गाठी

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. काही वाचकांनी गाठीचे फोटो पाठवून निदान विचारलं आहे. फोटोवरून गाठ कुठे आहे एवढंच कळतं. ती आत कुठवर गेली आहे ते कळत नाही, आणि या गाठींच्या बाबतीत खरा प्रश्न तोच असतो.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यावर मधोमध, कंठमण्याच्या जरा वर, बोराएवढी गाठ आहे. दुखत नाही. डॉक्टरांनी ‘थायरोग्लोसल सिस्ट’ सांगितली आणि ऑपरेशनमध्ये हाडाचा तुकडाही काढावा लागेल असं म्हणाले. एवढ्याशा गाठीसाठी हाड कशाला? नुसती गाठ काढून भागणार नाही का?

उत्तर : नाही भागत. तुम्हाला दिसते ती गाठ म्हणजे एका नळीचा फुगलेला भाग आहे, आणि ती नळी वर जिभेच्या मुळापर्यंत गेलेली असते.

थायरॉइड ग्रंथी मुळात गळ्यात तयारच होत नाही. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात ती जिभेच्या मुळाशी उगवते आणि खाली सरकत सरकत सातव्या आठवड्याच्या सुमाराला श्वासनलिकेपुढे येऊन बसते. तिच्या मागे वाटेवर एक बारीक नळी उरते. दहाव्या आठवड्यापर्यंत ही नळी विरून जायला हवी. जिथे विरत नाही तिथे आतलं अस्तर चिकट पाणी सोडत राहतं आणि गाठ धरते. हायॉइड नावाचं लहानसं कमानदार हाड त्याच दिवसांत त्याच जागी घडत असतं. त्यामुळे नळी त्या हाडाला अगदी बिलगलेली असते, कधी कधी तर हाडाच्या मागे वळसा घालते.

जीभ बाहेर काढली की गाठ वर उचलली जाते ती याच धाग्यामुळे. घरी पाहायचं असेल तर मुलाला तोंड उघडायला लावा, हनुवटी दोन बोटांनी स्थिर धरा आणि मग जीभ जमेल तितकी बाहेर काढायला सांगा. जबडा हलू दिला तर सगळा गळाच हलतो आणि काही समजत नाही. याच जागी होणारी डर्मॉइड सिस्ट (त्वचेचा अंश आत अडकून झालेली गाठ) एरवी अगदी अशीच दिसते, पण जिभेबरोबर सहसा हलत नाही.

नुसती गाठ सोलून काढली तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती परत येते. वॉल्टर सिस्ट्रंक या अमेरिकी सर्जनने १९२० मध्ये यावर जी शस्त्रक्रिया मांडली तीच आजही केली जाते. गळ्याच्या घडीत आडवा छेद घेऊन गाठ मोकळी करतात, पण हाडापासून तोडत नाहीत. हायॉइडचा मधला भाग, मोठ्या माणसात एक ते दीड सेंटिमीटर आणि मुलांत त्याहून कमी, दोन्ही बाजूंनी कापून गाठीला जोडलेलाच ठेवतात. मग हाडाच्या वर, जिभेच्या मुळाच्या दिशेने, स्नायूंचा एक गाभा कोरून काढतात. इथे नळी शोधत बसायचं नसतं. हाडाच्या वर ती बरेचदा केसासारख्या बारीक फांद्यांमध्ये फुटलेली असते आणि डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ती आसपासच्या मांसासकट घ्यायची. असं केलं की गाठ परत येण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास उतरतं.

हाडाच्या कापलेल्या टोकांना पुन्हा जोडत नाहीत. हायॉइडचा दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नसतो, ते स्नायूंवर टांगलेलं असतं. मधला तुकडा गेल्याने गिळण्यात किंवा बोलण्यात कायमचा फरक पडत नाही. चार-आठ दिवस गिळताना दुखतं, तेवढ्यापुरतं मऊ जेवण द्यावं.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी मात्र एक गोष्ट कागदावर हवी : सोनोग्राफीत थायरॉइड ग्रंथी तिच्या नेहमीच्या जागी दिसली का? काही मुलांत थायरॉइड खाली उतरलेलीच नसते, वाटेतच अडकलेली असते. ज्याला आपण सिस्ट समजतो ती त्या मुलाची एकमेव थायरॉइड असू शकते. ती काढली की मूल आयुष्यभर गोळ्यांवर. सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर दिसली नाही, गाठ पाण्याऐवजी भरीव दिसली किंवा रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) वाढलेलं असलं, तर थायरॉइडचा न्यूक्लिअर स्कॅन झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. गाठ साधी असेल आणि ग्रंथी जागेवर असेल, तर सीटी किंवा एमआरआयची बहुधा गरज पडत नाही.

आणखी एक बारकावा, जो पालकांना कोणी सांगत नाही. अगदी लहान मुलांत हायॉइड हाड खालच्या कंठाच्या कूर्चेवर जवळजवळ स्वार झालेलं असतं. नीट ओळख पटवून न घेता कापायला गेलं तर हाडाऐवजी स्वरयंत्राच्या कूर्चेलाच धक्का लागू शकतो, आणि ते नुकसान मोठं असतं. तुमचं मूल पाच वर्षांचं आहे, तरी ‘या शस्त्रक्रिया तुम्ही लहान मुलांत नेहमी करता का?’ हे विचारायला संकोच नको.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र महत्त्वाची. आत रक्त साचलं तर गळा फुगतो आणि श्वास कोंडतो. पट्टी घट्ट वाटणं, आवाज जड होणं, मूल आडवं झोपायला नकार देणं, यातलं काहीही दिसलं की नर्सला लगेच बोलवायचं. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जायलाच हवी. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण एका गाठीत थायरॉइडचा कर्करोग सापडतो, बहुतेक वेळा पॅपिलरी प्रकारचा.

प्रश्न : अशीच गाठ माझ्या पुतणीला आहे. तारीख ठरेपर्यंत ती लाल होऊन सुजली. चिरा देऊन पू काढून टाकावा का?

उत्तर : शक्यतो चिरा देऊ नये. चिऱ्यामुळे आतले थर एकमेकांना चिकटतात, पू आसपास पसरतो आणि पुढे नेमकं काय काढायचं याच्या खुणा पुसल्या जातात. शिवाय तिथे वाहती जखम उरते ती वेगळीच. तोंडातल्या जिवाणूंवर चालणारी अँटिबायोटिक्स द्यायची आणि ताण फार असेल तर जाड सुईने पू ओढून घ्यायचा. तो नमुना कल्चरला पाठवायचा. सूज पूर्ण ओसरल्यावर साधारण सहा आठवडे थांबून मूळ शस्त्रक्रिया करायची. श्वासाला त्रास असेल किंवा सुईने पू निघतच नसेल तर लहान चिरा द्यावा लागतो. तेव्हा तो पुढच्या ऑपरेशनच्या रेषेतच घ्यावा, म्हणजे नंतर तो व्रण त्याच छेदात निघून जातो.

प्रश्न : वय २४. सर्दीनंतर मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली लिंबाएवढी गाठ आली. दोनदा सुईने पाणी काढलं, दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा भरली. ‘ब्रँकियल सिस्ट’ आहे म्हणतात. जन्मजात आहे तर चोवीस वर्षं कुठे होती?

उत्तर : होतीच, रिकामी होती. गर्भात गळ्याच्या दोन्ही बाजूंना कमानींसारख्या घड्या असतात आणि त्यांच्या मधल्या खाचा पुढे बुजून जातात. दुसऱ्या कमानीखालची खाच नीट बुजली नाही की आत अस्तर असलेला एक कप्पा राहतो. या जातीच्या गाठींमध्ये सर्वाधिक याच. कप्प्याच्या भिंतीत लसिका ग्रंथींसारखं (लिंफ नोडसारखं) ऊतक असतं. घसा बसला, सर्दी झाली की ते सुजतं, पाणी सुटतं आणि विशीत-तिशीत एक दिवस गाठ ‘अचानक’ उगवते. जागा ठरलेली असते : कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या जाणाऱ्या जाड स्नायूच्या पुढच्या कडेला, वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

अस्तर आत शाबूत असेपर्यंत सुईने पाणी काढणं म्हणजे नळ चालू ठेवून बादली उपसणं. मात्र ते पाणी तपासायला गेलं होतं का, हे विचारा. पिवळसर पाणी आणि त्यात कोलेस्टेरॉलचे चमचमते कण, असं वर्णन या सिस्टशी जुळतं.

इलाज शस्त्रक्रियाच, आणि तीही सूज नसताना. सिस्टच्या वरच्या टोकाला कधी कधी एक दोरीसारखा भाग असतो. तो मेंदूकडे आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या बेचक्यातून, जिभेच्या नसेवरून टॉन्सिलच्या खोबणीकडे जातो. तो असेल तर त्याच्या मागोमाग जावं लागतं. लहान मुलांत याच वाटेचं खालचं टोक मानेवर टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून उघडतं आणि त्यातून थेंब थेंब चिकट पाणी येतं. तेव्हा एक लांब उभा छेद न घेता पायरीपायरीने दोन लहान आडवे छेद घेतात.

ऑपरेशनला संमती देताना तीन नसांबद्दल विचारा : खालचा ओठ हलवणारी, जीभ हलवणारी आणि खांदा उचलणारी. कानाच्या पाळीला बधिरपणा येणं बऱ्यापैकी नेहमीचं आहे. काही महिन्यांत तो कमी होतो, क्वचित राहतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना, वय ५२, अगदी त्याच जागी पाण्याची गाठ आहे. सोनोग्राफीत ‘ब्रँकियल सिस्ट’ असं लिहिलंय. जन्मजात आणि साधी आहे तर वर्षभर थांबलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. पत्रांमधलं सर्वांत तातडीचं पत्र हे आहे.

चाळिशीनंतर मानेच्या बाजूला पाण्याची गाठ नव्याने दिसली तर ती जन्मजात आहे असं गृहीत धरायचं नाही, तसं सिद्ध व्हावं लागतं. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असलेला लहानसा कर्करोग मानेतल्या लसिका ग्रंथीत उतरतो आणि ती ग्रंथी आतून वितळून हुबेहूब सिस्टसारखी दिसते. एचपीव्ही विषाणूशी संबंधित कर्करोगात हे विशेष दिसतं. असा रुग्ण तंबाखू न खाणारा, न ओढणाराही असू शकतो. घसा दुखत नाही, गिळायला त्रास नाही, गाठ हेच पहिलं लक्षण. थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोगही असाच पाणी धरतो. क्षयाच्या गाठी आतून पातळ झाल्या की त्याही याच चेहऱ्याच्या दिसतात.

क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकातून दुर्बीण घालून घशाची तपासणी आणि टॉन्सिल व जिभेचं मूळ बोटाने चाचपणं. हे बोटाने चाचपणं वगळू देऊ नका, डोळ्यांना न दिसणारा कडकपणा त्यातच कळतो. मग सोनोग्राफीत पाहत गाठीची सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी. नमुना नुसत्या पाण्याचा घेऊन चालत नाही, गाठीची भिंत किंवा आत कुठे भरीव भाग असेल तो घ्यायचा. पाण्यात पेशी थोड्या असतात, त्यामुळे ‘कर्करोग नाही’ असा रिपोर्ट खोटा ठरू शकतो. एकदा निष्कर्ष निघाला नाही तर पुन्हा करायची. गरजेप्रमाणे त्याच नमुन्यावर एचपीव्हीच्या कर्करोगाची खूण शोधणारी पी-१६ ही चाचणी, थायरॉइडच्या कर्करोगासाठी सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन आणि क्षयासाठी सीबीनॅट करता येतं. मानेचा सीटी किंवा एमआरआय कॉन्ट्रास्टसह करावा.

एवढं झाल्याशिवाय ‘काढून टाकू आणि मग पाहू’ हा मार्ग नको. गाठ फुटली तर आतल्या पेशी मानेत सांडतात, आणि कर्करोग निघाला तर पुढचे उपचार जास्त अवघड होतात. सगळं स्वच्छ आलं तर सिस्ट निवांत काढता येईल, एवढं कमावण्यासाठी या तपासण्या आहेत.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. मानेच्या डाव्या बाजूला खाली, थायरॉइडपाशी, दोन वर्षांत तीनदा गळू झालं. दर वेळी चिरा, ड्रेसिंग, अँटिबायोटिक आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. रक्ताच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत. तिची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

उत्तर : बहुधा प्रतिकारशक्ती ठीकच आहे. या मुलीच्या घशातून मानेत उतरणारी एक चोरवाट असण्याची दाट शक्यता आहे.

थायरॉइड ही पू सहसा न धरणारी ग्रंथी आहे. तिला जाड आवरण असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, आयोडीनही असतं. अशा ग्रंथीत किंवा तिच्या शेजारी लहान मुलाला गळू झालं, आणि तेही डाव्या बाजूला, तर पायरिफॉर्म सायनसमधली जन्मजात नळी शोधायलाच हवी. पायरिफॉर्म सायनस म्हणजे स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना, अन्न जिथून घसरत खाली जातं त्या पन्हळीसारख्या खोबणी. तिसऱ्या किंवा चौथ्या कमानीचा उरलेला धागा या खोबणीच्या तळाशी उघडा राहतो. लाळ, अन्नाचा कण, सर्दीतला कफ त्यात शिरतो आणि थायरॉइडच्या डाव्या भागापाशी जाऊन सडतो. दहापैकी नऊ वेळा बाजू डावी असते.

बाहेरून दिलेल्या चिऱ्याने पू निघतो, पण आतलं दार उघडंच राहतं, म्हणून गळू परत येतं. तीन गळवं होईपर्यंत हे कोणाच्या लक्षात न येणं दुर्दैवाने नेहमीचं आहे, कारण दर वेळी मुलीला नव्या माणसाने पाहिलेलं असतं. तिन्ही वेळचे कागद एकत्र ठेवा, तारखा आणि बाजू एका चिठ्ठीवर लिहा. निदान अर्धं तिथेच होतं.

पुढचं गळू आलंच तर त्या वेळी केलेल्या सीटीत थायरॉइडपाशी हवेचा बुडबुडा दिसतो का ते पाहायला सांगा. पुवात हवा म्हणजे घशाशी जोड असण्याची मोठी खूण. बेरियम गिळवून काढलेले एक्स-रे मात्र सूज असताना काढू नयेत. तेव्हा नळीचं तोंड सुजेने मिटलेलं असतं, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. सहा ते आठ आठवडे थांबून तपासणी करावी. तीही कोरी आली तरी शोध थांबवायचा नाही. भूल देऊन, स्वरयंत्र दुर्बिणीने उचलून खोबणीच्या तळाशी थेट पाहणं हीच खरी तपासणी. तिथे बारीक छिद्र दिसतं, कधी मानेवर बाहेरून दाबल्यावर त्यातून पू डोकावतो.

आणि त्याच बैठकीत उपचारही होऊ शकतो. छिद्राचं तोंड आतून विजेच्या कॉटरीने किंवा ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडने भाजतात, म्हणजे व्रण भरताना ते मिटतं. मानेवर नवा छेद नाही, एक-दोन दिवसांत घरी. पहिल्या खेपेला नाही मिटलं तर पुन्हा करता येतं. काही दिवस आवाज घोगरा राहू शकतो. पूर्वी या नळीसाठी मान उघडून थायरॉइडचा अर्धा भाग काढत असत. वारंवार चिरलेल्या, चिकटलेल्या मानेत ते करताना आवाजाची नस धोक्यात येते. म्हणून आता तो मार्ग आतून जमलं नाही तरच धरावा, असं आमचं मत आहे.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाच्या नाकाच्या दांडीवर मधोमध एक टिंब आहे आणि त्यातून एक केस वाढतो. घरचे म्हणतात, उपटून टाका.

उत्तर : उपटू नका, पिळू नका आणि ‘छोटासा तुकडा काढून तपासू’ असं कोणी म्हणालं तर तेही होऊ देऊ नका. नाकाच्या मध्यरेषेवरच्या खळगीतून केस येणं म्हणजे जवळजवळ नक्की नेझल डर्मॉइड. गर्भात कवटीच्या तळापासून नाकाच्या टोकाकडे मेंदूच्या आवरणाचा एक कोंब थोडा काळ येऊन परत जातो. जाताना त्वचेचा धागा आत ओढला गेला की ही सिस्ट होते. म्हणजे नाकावर दिसणारं टिंब हे एका बोगद्याचं तोंड असू शकतं, आणि बोगदा कवटीत उघडू शकतो. (गंमत अशी की कवटीच्या तळाच्या ज्या छिद्रातून हा धागा जातो त्याचं लॅटिन नाव फोरामेन सीकम, आंधळं छिद्र, आणि जिभेच्या मुळाशी जिथून थायरॉइड निघते त्या खळग्याचंही नेमकं तेच. रिपोर्ट वाचताना गोंधळ नको.) संसर्ग आत पोचला तर मेंदूज्वर होऊ शकतो.

म्हणून कुठल्याही कापाकापीआधी एमआरआय. या वयात नुसत्या सीटीवर विसंबून चालत नाही. नाकाच्या मुळाशी कवटीचा पुढचा भाग अजून कूर्चेचाच असतो आणि तो सीटीत मोकळ्या फटीसारखा दिसून फसवतो. बाळ रडताना सूज मोठी होते का तेही पाहून ठेवा. डर्मॉइड फुगत नाही. निळसर, मऊ आणि रडताना फुगणारी सूज असेल तर मेंदूचं आवरण बाहेर आल्याची शंका घ्यावी लागते.

नळी कवटीबाहेरच संपत असेल तर नाकावरच्या छोट्या छेदातून ती संपूर्ण काढता येते. आत जात असेल तर न्यूरोसर्जन सोबत हवाच. डर्मॉइडचा थोडा भाग आत राहिला तरी त्यातली त्वचा कामाला लागते आणि वर्षांनी गाठ परत येते, म्हणून पुढे बराच काळ तपासणीला जावं लागतं.

प्रश्न : नवजात बाळाच्या कानापुढे सुईने टोचल्यासारखं छिद्र आहे. ऑपरेशन करावं का?

उत्तर : कोरडं आहे तर काही करू नका. पिळून पाहू नका, एवढंच. श्रवणचाचणी नवजात बाळाची तशीही व्हायला हवी. मूत्रपिंडांची सोनोग्राफी सरसकट लागत नाही. मात्र मानेवरही छिद्र असेल, कानाचा आकार वेगळा असेल किंवा घरात बहिरेपणा वा किडनीचा आजार असेल तर जरूर करावी, कारण मान, कान आणि किडनी या तिन्हींतले दोष एकत्र असणारा एक आनुवंशिक विकार आहे. वारंवार पू झाला तर छिद्र नळीसकट, कानाच्या कूर्चेचा चिकटलेला छोटा भाग घेऊन काढतात.

प्रश्न : मुलाचा एक कान सतत वाहतो. पडदा चांगला आहे म्हणतात, थेंबांनी फरक नाही. त्याच बाजूला जबड्याच्या कोनाखाली एक छोटी गाठ येते-जाते. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : असू शकतो, आणि कान पाहणारा गाठ पाहत नाही, गाठ पाहणारा कान पाहत नाही म्हणून तो निसटतो. गर्भातल्या कमानींमधल्या पहिल्या खाचेची उरलेली नळी कानाच्या बोळापासून लाळग्रंथीतून जबड्याच्या कोनापर्यंत जाते. डॉक्टरांना कानात दुर्बीण लावून त्याच वेळी बाहेरून गाठ दाबून बघायला सांगा. कानात पू सरकताना दिसला तर प्रश्न मिटला. एमआरआय करून घ्या.

ही शस्त्रक्रिया छोटी समजू नका. नळी चेहरा हलवणाऱ्या नसेच्या वरून, खालून किंवा तिच्या फांद्यांमधूनही जाते. लहान मुलांत कानामागचं हाड पुरतं वाढलेलं नसल्याने ती नस त्वचेच्या अगदी जवळ असते. आधी नस शोधायची, मग नळी काढायची. नर्व्ह मॉनिटर, म्हणजे नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र, असेल तिथे करावं. ‘गळू’ म्हणून तिथे आंधळा चिरा देणं हा चेहरा वाकडा होण्याचा सोपा रस्ता आहे.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीच्या मानेत मोठी, मऊ गाठ आहे. अंधारात टॉर्च लावला तर लाल उजेड आरपार दिसतो. ‘सिस्टिक हायग्रोमा’. एक डॉक्टर ऑपरेशन सांगतात, दुसरे इंजेक्शन.

उत्तर : आताचं नाव लिंफॅटिक मालफॉर्मेशन. ही एक सुटी गाठ नसून लसिकेच्या कप्प्यांचं जाळं असतं. कप्पे मोठे आहेत की बारीक, यावर उपचार ठरतो, म्हणून आधी एमआरआय वाचा. मोठे, मोजके कप्पे असतील तर पहिली पसंती इंजेक्शनला. सोनोग्राफीत पाहत कप्प्यातलं पाणी काढायचं आणि डॉक्सिसायक्लिन, ब्लिओमायसिन किंवा ओके-४३२ आत सोडायचं, म्हणजे भिंती सुजून एकमेकींना चिकटतात. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने काही फेऱ्या लागतात. इंजेक्शननंतर गाठ आधी वाढते, ताप येतो. गाठ श्वासमार्गाला टेकलेली असेल तर ही सूज उतरेपर्यंत आयसीयूत राहावं लागतं, हे आधी विचारून घ्या.

ओके-४३२ बनवताना पेनिसिलिन वापरलेलं असतं, म्हणून त्याची अॅलर्जी असल्यास ते चालत नाही. ब्लिओमायसिनचा आजवरचा एकूण डोस फाइलवर लिहिलेला हवा, कारण जास्त झाल्यास फुफ्फुसांना इजा होते. ते दिल्यावर दोन दिवस अंगावरच्या चिकटपट्ट्या ओढून काढू नका, त्या जागी काळे पट्टे उमटतात आणि लवकर जात नाहीत.

बारीक कप्प्यांचा, जीभ आणि तोंडाच्या तळात शिरलेला प्रकार इंजेक्शनला फारशी दाद देत नाही. तिथे सिरोलिमस हे तोंडाने घ्यायचं औषध, निवडक जागी शस्त्रक्रिया, किंवा दोन्ही. सगळं एकदाच साफ करण्याच्या हट्टापायी नसा गमावण्यापेक्षा थोडं जाळं राहू देणं बरं. गाठ एका रात्रीत टणक आणि मोठी झाली तर आत रक्त किंवा संसर्ग असतो, मुलीला त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : तीन आठवड्यांचं बाळ दूध पिताना घुरघुरतं, वजन वाढत नाही. ‘स्वरयंत्र मऊ आहे, आपोआप जाईल’ असं सांगितलं आहे. वाट पाहावी का?

उत्तर : दुर्बिणीने पाहूनच तसं सांगितलं असेल, तर ते म्हणतील तशी वाट पाहा, पण वजन वाढत नाही हे त्यांना पुन्हा सांगा. न पाहता सांगितलं असेल तर वाट पाहू नका. जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राच्या झाकणापुढे होणारी व्हॅलेक्युलर सिस्ट अशीच घुरघुर देते. उताणं ठेवल्यावर आणि दूध पिताना ती झाकणाला मागे ढकलते. नाकातून बारीक दुर्बीण घातली की मिनिटभरात दिसते. शस्त्रक्रिया छोटी असते, तोंडातून सिस्टचं छप्पर किंवा सगळी सिस्ट काढतात. नुसत्या सुईने पाणी काढलं तर भरून येते. अवघड असते ती भूल, कारण सिस्टमुळे श्वासनळीत नळी घालायला वाटच दिसत नाही. त्यामुळे नवजात बाळांच्या भुलीची सवय असलेली जागाच निवडा. बाळ निळं पडलं, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा श्वास थांबत असेल तर तपासणीची तारीख पाहत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

प्रश्न : गाठ काढून दोन वर्षांनी परत आली. दुसरं मत घ्यायचं आहे, सोबत काय न्यावं?

उत्तर : डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट मागून घ्या, त्यात छेद कुठे घेतला, नळी कुठवर सापडली आणि कुठे बांधली हे असतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आणि जमल्यास स्लाइड किंवा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा नमुना). थायरोग्लोसल सिस्ट असेल तर त्या रिपोर्टात हायॉइड हाडाचा तुकडा मिळाल्याची नोंद आहे का ते आधी शोधा. नसेल तर गाठ का परतली याचं उत्तर बहुतेक तिथेच मिळतं. स्कॅनचे नुसते रिपोर्ट नेऊ नका, चित्रांची सीडी न्या. सुजेच्या दिवसांत मोबाइलवर काढलेले फोटो तारखेसह ठेवा, कारण तपासणीच्या दिवशी गाठ हमखास बसलेली असते.